जुन्या विमानांचा सांभाळ

इंग्लंडांतील बेडफर्ड परगण्यांत ओल्ड वॉर्डन नांवाचें एक लहानसें खेडें आहे. खेड्याजवळ एक गवताळ मैदान, मैदानाच्या कडेला विमानें ठेवण्याच्या कांहीं छपऱ्या, आणि पलीकडे एका जुन्या धनिक घराण्याचा वाडा व बाग. उन्हाळ्यांतील ठराविक दिवशीं तेथें हजारों माणसें जमतात. तऱ्हेतऱ्हेचीं विमानें डोक्यावरून जातात, लोक टाळ्या वाजवितात, मुलें आइस्क्रीम खातात. परंतु जाणत्या मंडळींचें लक्ष आकाशाकडे नसतें. तें असतें मैदानाच्या कडेला उंच काठीवर लटकणाऱ्या एका कापडी पिशवीकडे. वाऱ्यानें ती पिशवी फुगलेली असेपर्यंत कांहीं व्हावयाचें नाहीं. पुढें सूर्य कलतो, झाडांचीं पानें स्थिर होतात, पिशवी लोळागोळा होऊन काठीला चिकटते. आणि मग छपरींतून चार माणसें हातांनीं ढकलीत एक वस्तु बाहेर आणतात. तिला विमान म्हणावयास पहिल्या दर्शनीं धीर होत नाहीं. पुढें सायकलीच्या जातीचीं दोन चाकें, त्यांवर पलंगाच्या चौकटीसारखा एक सांगाडा, दोन्ही बाजूंस कापडानें मढविलेले पंख, आणि मागें लांकडाची उघडी शेपटी, तारांनीं ताणून धरलेली. जुन्या वाड्यांतील झोपाळा मोडून त्याचें कोणीं असें कांहीं केलें आहे, असें वाटावें.

हें ब्लेरिओ विमान १९०९ सालचें आहे. त्याच वर्षीं, २५ जुलै रोजीं, लुई ब्लेरिओ याच जातीच्या विमानांतून फ्रान्सच्या किनाऱ्यावरून निघाला आणि सुमारें सदतीस मिनिटांनीं डोव्हरजवळ उतरला. ओल्ड वॉर्डनच्या विमानाला अजून तसेंच तीन सिलिंडरांचें आंझानी इंजिन आहे. त्याची शक्ति पंचवीस घोड्यांच्या आसपास. आज रस्त्यावरची बरीशी मोटारसायकलहि त्याला मागें टाकील. पंखा हातानें फिरवून इंजिन चालू करतात, विमान गवतावरून खडखडत धांवतें, माणसाच्या डोक्याहून थोडें वर उचललें जातें, सरळ रेषेंत कांहीं अंतर जातें आणि पुन्हां गवतावर बसतें. अलीकडच्या काळांत तें वळणें घेत नाहीं. मैदानाच्या टोकाला माणसेंच त्याचें तोंड फिरवितात. सबंध प्रकार एका मिनिटांत आटोपतो. मूळ इंजिनासह उडूं शकणारें जगांतील सर्वांत जुनें विमान म्हणून याचा मान आहे. त्याचें थोडेंसें धाकटें भावंड अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानांतील ओल्ड ऱ्हाइनबेक येथें आहे.

एका मिनिटाच्या या उड्डाणासाठीं केवढा खटाटोप, आणि केवढा धोका! अशी दुर्मिळ वस्तु कांचेच्या कपाटांत सुखरूप ठेवावी, वर्षांतून एकदां तिच्यावरील धूळ झाडावी, हें शहाणपणाचें नव्हे काय, असा प्रश्न कोणाच्याहि मनांत येईल. त्याचें उत्तर शोधावयाचें तर हा संग्रह जमला कसा येथपासून सुरुवात केली पाहिजे.

संग्रहाचा जनक रिचर्ड शटलवर्थ. त्याचा जन्महि १९०९ सालचाच. लिंकन शहरांत त्याच्या घराण्याचा कारखाना होता. वाफेचीं इंजिनें आणि मळणीयंत्रें यांसाठीं तो दूरवर प्रसिद्ध होता, आणि पहिल्या महायुद्धांत त्याच कारखान्यांतून सॉपविथ जातीचीं लढाऊ विमानेंहि बाहेर पडलीं. वडील लहानपणींच गेले. तेविसाव्या वर्षीं इस्टेट हातीं आली, तेव्हां या एकुलत्या एक मुलानें तिचा पहिला उपयोग काय केला असेल, तर एक मॉथ विमान विकत घेतलें. तें १९३२ साल. तें मॉथ अजून ओल्ड वॉर्डन येथेंच आहे. पुढच्याच वर्षीं एका सोबत्यासह तो इवल्याशा कॉम्पर स्विफ्ट विमानांतून इंग्लंडहून थेट दिल्लीस आला. व्हाइसरॉयच्या करंडकासाठीं तेथें विमानांची शर्यत होती. या जातीचें जें विमान संग्रहांत आज आहे, त्याची पहिली नोंदणीहि हिंदुस्थानांतीलच. १९३५ सालीं डॉनिंग्टन येथील मोटारींची मोठी शर्यतहि त्यानें जिंकली. एवढ्यावरून कोणी त्याला केवळ वेगाचा शौकीन समजेल. तसा तो असता तर त्याचें नांव आज कोणीं घेतलें नसतें.

त्या काळीं पंचवीस वर्षांच्या विमानाला कोणी जुनें म्हणत नसे. भंगार म्हणत असे. पहिल्या महायुद्धानंतर हजारों विमानें मोडीत निघालीं होतीं, आणि युद्धापूर्वींच्या विमानांची तर आठवणहि कोणास नव्हती. अशा वेळीं शटलवर्थ खेड्यापाड्यांतील गोठे आणि कोठारें धुंडाळीत फिरला. वर वर्णिलेलें ब्लेरिओ हेंडन येथें शिकाऊ वैमानिकांसाठीं वापरलें जात असे; अपघातानंतर तें टाकून दिलें गेलें, एका हौशी गृहस्थानें तें दुरुस्त केलें आणि १९३५ सालीं शटलवर्थला दिलें. १९१२ सालचें ब्लॅकबर्न विमान त्याला १९३७ सालीं सांपडलें. तें गवताच्या गंजीखालीं होतें असें सांगतात. आज तें उडूं शकणारें सर्वांत जुनें ब्रिटिश विमान आहे. जें सांपडेल तें उडण्याजोगें करावयाचें, हा त्याचा हट्ट. वस्तु जमविणारे पुष्कळ असतात. सापडलेली वस्तु तिच्या कामाला पुन्हां जुंपण्याची चिकाटी फार थोड्यांच्या ठायीं असते.

दुसरें महायुद्ध सुरू झालें, शटलवर्थ हवाई दलांत गेला, आणि २ ऑगस्ट १९४० रोजीं रात्रींच्या सरावाच्या उड्डाणांत त्याचें फेअरी बॅटल विमान कोसळून तो मृत्यु पावला. वय अवघें एकतीस. घरीं त्याची विधवा आई, डोरोथी शटलवर्थ, आणि छपऱ्यांत त्याचीं विमानें. मुलगा विमानानें नेला. आईनें त्या यंत्रांचें तोंडहि पाहिलें नसतें तर तिला कोणीं बोल लावला नसता. विकून टाकणेंहि सोपें होतें. बाईंनीं १९४४ सालीं मुलाच्या स्मरणार्थ एक विश्वस्तनिधि स्थापन केला, विमानविद्या आणि शेतकी या दोन विषयांच्या शिक्षणासाठीं आपली इस्टेट त्याच्या स्वाधीन केली, आणि विमानें तशींच राहिलीं. पुतळा उभारला नाहीं. मुलाचें स्मारक म्हणून मुलाचें काम चालू ठेवलें. १९६३ पासून संग्रह लोकांना पाहावयास खुला झाला.

आतां मूळ प्रश्नाकडे. उडविल्यानें असें काय कळतें, जें नुसतें पाहून कळत नाहीं? याचें सर्वांत चांगलें उत्तर त्या काळच्या फिरत्या इंजिनांत आहे. आजच्या कोणत्याहि मोटारींत सिलिंडर जागच्या जागीं असतात आणि मधला दांडा फिरतो. नोम आणि ल रोन या फ्रेंच कारखान्यांचीं इंजिनें नेमकीं उलटीं. त्यांत दांडा विमानाला घट्ट बसविलेला, आणि सगळे सिलिंडर पंख्याबरोबर गरगर फिरावयाचे. वारा लागून ते थंड राहत, वजन कमी पडे. त्या दिवसांत ही मोठीच युक्ति होती. परंतु फिरत्या सिलिंडरांना वंगण द्यावयाचें कसें? पेट्रोलमध्यें विरघळणारें तेल चालेना. शेवटीं उपयोगी पडलें तें एरंडेल! आमच्या घरोघरीं लहान मुलांनीं नाक मुठींत धरून घेतलेलें तेंच एरंडेल. तें इंजिनांत जाई, काम करी, आणि न जळतां तसेंच बाहेर फेंकलें जाई. वैमानिकाचा चेहरा, चष्मा, गळपट्टा सगळें तेलानें माखे, आणि तासन् तास तें नाकातोंडांत गेल्यानें त्याच्या पोटावर व्हावयाचा तो परिणाम होई, अशा गोष्टी त्या काळच्या वैमानिकांविषयीं अजून सांगतात. ओल्ड वॉर्डनच्या मैदानावर सॉपविथ पप निघालें कीं गवतावर तोच गोडसर, करपट वास पसरतो. कपाटांतील विमानाला तो वास नाहीं.

वास ही गमतीची गोष्ट झाली. तिच्यामागें दुसरी, अधिक गंभीर गोष्ट आहे. फिरत्या इंजिनाचा वेग मोटारीप्रमाणें पाय दाबून कमीजास्त करतां येत नाहीं. हवा आणि पेट्रोल यांच्या दोन निरनिराळ्या मुठी असतात, आणि त्यांचा मेळ वैमानिकानें कानानें साधावयाचा असतो. मेळ चुकला कीं इंजिन गुदमरतें, आणि पुन्हां शुद्धीवर यावयास कांहीं क्षण घेतें. जमिनीपासून शंभर फुटांवर तेवढे क्षण पुष्कळ झाले. उतरतांना वेग कमी करावयाचा तर एक बटण दाबून ठिणगीच बंद करावयाची, सोडावयाची, पुन्हां दाबावयाची. शिवाय एवढें जड इंजिन भोवऱ्यासारखें फिरत असल्यानें विमानाच्या वळणांवर त्याची छाया पडते. एका बाजूस वळतांना नाक वर जाऊं पाहतें, दुसरीकडे वळतांना खालीं. जुन्या पुस्तकांतून यांतील बरेंच लिहिलेलें आहे. परंतु सतारीवरील पुस्तक वाचून कोणी सतार वाजवीत नाहीं. हें हातांचें आणि कानांचें ज्ञान एका माणसानें दुसऱ्यास शेजारीं उभें राहून द्यावें लागतें. ओल्ड वॉर्डनचे बरेचसे वैमानिक एरव्हीं आधुनिक विमानें चालविणारे, कसलेले लोक. ते तेथें येतात तेव्हां प्रथम त्यांना कित्येक संवयी विसराव्या लागतात.

याचा एक गमतीदार दाखला चित्रपटाच्या निमित्तानें मिळाला. १९६५ सालीं पडद्यावर आलेल्या एका विनोदी चित्रपटासाठीं पहिल्या काळांतील कांहीं विमानांच्या हुबेहूब प्रती बनविण्यांत आल्या. त्यांत ब्राझीलच्या सांतोस-द्युमों याचें चिमुकलें ‘द्मुआझेल’ होतें. सगळीं मापें बरोबर; पण विमान कांहीं केल्या नीट उडेना. मग कोणाच्या तरी लक्षांत आलें कीं मूळ धनी अगदीं हडकुळा आणि ठेंगणा होता. जोन ह्यूझ या बांध्यानें लहान असलेल्या अनुभवी वैमानिक बाईंना त्यांत बसविलें, आणि काम झालें. विमान हें नुसतें लांकूड, कापड आणि तारा नव्हे. त्यांत बसणारा माणूसहि त्या मापांत धरलेला असतो. आणि हें जमिनीवर उभ्या असलेल्या नमुन्यानें कधींहि सांगितलें नसतें.

येथवर उडविणारांची बाजू झाली. दुसरी बाजू दुबळी मुळींच नाहीं. उडणारें विमान झिजतें. कापड तर ठराविक काळानें बदलावेंच लागतें. तारा बदलतात, चाकें बदलतात, कुजलेली लांकडी पट्टी काढून नवी बसवितात, इंजिनाचे झिजलेले भाग नव्यानें घडवितात. अशीं शंभर वर्षें गेल्यावर मूळ वस्तूंतलें उरलें किती? संग्रहालयाचा जाणता अधिकारी म्हणेल, तुम्ही एक पुरावा हळूहळू पुसून टाकीत आहां. मूळच्या कारागिरानें पट्टी कोणत्या बाजूनें तासली, कापडाला टाके किती अंतरावर घातले, लुकणाचा हात कसा फिरविला, हें नव्या पट्टींत आणि नव्या कापडांत शोधून सांपडावयाचें नाहीं.

हा वाद मिरजेच्या तंतुवाद्यांच्या कारागिराला समजावून सांगावा लागणार नाहीं. तंबोरा भिंतीला टांगून ठेवला तर तो मुका होतो. त्याच्या तारा बदलाव्या लागतात, आणि वाजवून वाजवून घोडीवर खांचा पडल्या कीं जव्हारी पुन्हां काढावी लागते. जव्हारी काढणें म्हणजे घोडीचा पृष्ठभाग थोडा थोडा घासून काढणें. प्रत्येक वेळीं मूळ घोडी किंचित् कमी होते, आणि प्रत्येक वेळीं तंबोरा पुन्हां बोलतो. एखाद्या थोर गवयाचा शेवटचा तंबोरा असेल तर मात्र त्याला हात लावतांना कारागीरहि विचार करील.

तंबोरा झिजतो, पण वादकाचा जीव घेत नाहीं. येथें ही तुलना संपते. १ जुलै २०१२ रोजीं खुद्द ओल्ड वॉर्डन येथें १९२३ सालच्या बनावटीचें एक लहानसें विमान पडून त्याचा वैमानिक मृत्यु पावला. २२ ऑगस्ट २०१५ रोजीं इंग्लंडच्याच शोरहॅम येथें एक जुनें जेट विमान कसरत करीत असतां रस्त्यावर कोसळलें. अकरा माणसें मेलीं, आणि त्यांतील कोणीहि विमानांत नव्हतें. १२ नोव्हेंबर २०२२ रोजीं अमेरिकेंत डलास येथें महायुद्धकाळचीं दोन विमानें आकाशांत एकमेकांवर आदळून सहा जण गेले. आपल्या छंदापायीं आपला जीव धोक्यांत घालण्याचा अधिकार मनुष्याला असेल; रस्त्यानें जाणाराचा जीव त्यांत ओढण्याचा नाहीं. शोरहॅमनंतर ब्रिटनमध्यें अशा प्रदर्शनांचे नियम अधिक कडक झाले, तें योग्यच झालें. वाऱ्याची पिशवी स्थिर होईपर्यंत थांबणें, सरळ रेषेंत आणि कमी उंचीवर उडणें, प्रेक्षकांपासून दूर राहणें, ही ओल्ड वॉर्डनची रीत पाहणाराला मिळमिळीत वाटेल. जुन्या विमानाकडून याहून अधिक मागणें हा त्याचा सांभाळ नव्हे, तमाशा आहे. आणि ज्याचें जगांत दुसरें भावंडच नाहीं असें विमान जमिनीवरच असावें. आपल्या हवाई दलाचें आरंभींचें वापिती विमान दिल्लीजवळ पालम येथील संग्रहालयांत आहे. त्या जातीचें पूर्ण असें तें एकच उरलें असल्याचें मानतात. तें उडविण्याची कल्पनाहि कोणीं करूं नये.

पालमचें नांव निघालें, तेव्हां भारताचा या छंदाशीं असलेला एक विलक्षण संबंध सांगितला पाहिजे. दुसरें महायुद्ध संपलें तेव्हां कानपूर येथें लिबरेटर जातीचीं अमेरिकन बाँबफेकी विमानें पडून राहिलीं होतीं, आणि तीं पुन्हां उडूं नयेत म्हणून जाणूनबुजून निकामी केलेलीं होतीं. स्वतंत्र भारताच्या तरुण हवाई दलाजवळ मोठीं विमानें नव्हतीं. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यानें त्या मोडतोडींतून १९४८ पासून चाळीसच्या आसपास विमानें उभीं केलीं. कानपुरास जेमतेम उडण्यापुरतें सांधावयाचें, आणि तशाच अवस्थेंत तें बंगलोरला उडवीत न्यावयाचें, हें काम त्या वैमानिकांनीं केलें. हौस म्हणून नव्हे, गरज म्हणून. इतर देशांनीं आपलीं लिबरेटरें केव्हांच वितळवून टाकलीं होतीं. भारताचीं १९६८ अखेरपर्यंत सेवेंत राहिलीं. त्याचा परिणाम असा झाला कीं पुढें कानडा, अमेरिका आणि ब्रिटन या देशांतील संग्रहालयांना लिबरेटर हवें झालें, तेव्हां तीं भारताकडे आलीं. लंडनच्या हवाई दल संग्रहालयांतील लिबरेटर १९७४ सालीं भारतांतूनच गेलें. आणखी एक भारतीय लिबरेटर इंग्लंडमार्गें अमेरिकेंत पोंचलें, आणि १९८९ सालीं पुन्हां आकाशांत उडालें. काटकसरीच्या संसारांत जपलेल्या पितळी भांड्याला पुढें श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत जागा मिळावी, तशांतलाच हा प्रकार.

हवाई दलानेंहि अलीकडे स्वतःचीं कांहीं जुनीं विमानें उडतीं ठेवण्याचें मनावर घेतलें आहे. दुरुस्त केलेलें टायगर मॉथ २०१२ च्या हवाई दल दिनीं दिल्लीजवळ हिंडन येथें उडालें. डाकोटाची कथा याहून मोठी. २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं काश्मीरवर टोळीवाले चालून आले असतां डाकोटा विमानांनींच पहिलें सैन्य श्रीनगरला उतरविलें. राजीव चंद्रशेखर यांचे वडील हवाई दलांत डाकोटाचे वैमानिक होते. त्यांनीं मोडीच्या अवस्थेंत असलेलें एक डाकोटा विकत घेऊन ब्रिटनमध्यें दुरुस्त करविलें आणि हवाई दलास भेट दिलें. एप्रिल २०१८ मध्यें तें ब्रिटनहून टप्प्याटप्प्यानें उडत हिंडन येथें आलें. त्याचें नांव ‘परशुराम’. अंगावर क्रमांक व्हीपी ९०५, म्हणजे श्रीनगरच्या त्या मोहिमेंतील विमानाचा. क्रमांक एका विमानाचा, अंग दुसऱ्याचें. संग्रहालयाचा तो जाणता अधिकारी येथें नक्कीच भुंवया उंचावील. परंतु ज्यांनीं तरुणपणीं डाकोटा चालविलें, त्या वृद्ध वैमानिकांना त्या दोन इंजिनांचा आवाज पुन्हां ऐकूं आला तेव्हां त्यांनीं क्रमांक ताडून पाहिला असेल, असें वाटत नाहीं.

असाच एक प्रसंग मुंबईंत, जुहूच्या मैदानावर, त्याच्या कितीतरी आधीं घडून गेला आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून एकटेच पस मॉथ विमानांतून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले, आणि अहमदाबादेस थांबून जुहूला उतरले. त्या घटनेस बरोबर पन्नास वर्षें झालीं तेव्हां, १९८२ सालीं, त्याच दिवशीं, एक इंजिनाचें आणि कापडानें मढविलेलें तसेंच एक जुनें विमान कराचीहून पुन्हां जुहूला आलें. तें पस मॉथ नव्हतें. त्याच घराण्यांतलें, किंचित् धाकटें लेपर्ड मॉथ होतें. आंत बसलेला वैमानिक मात्र तोच होता, आणि त्याचें वय त्या दिवशीं अठ्याहत्तर वर्षांचें होतें.